मैदान मंगळवारी रिकामं असतं

('वाचक विचारतात' या सदरात या वेळी शहर-गावाच्या नियोजनाचा अभ्यास कसा करायचा याबद्दलची पत्रं आहेत. उत्तरं देणारे नागपूरचे काका नगररचना खात्यात अनुरेखक (नकाशे उतरवून काढणारे) म्हणून लागले आणि नगररचनाकार म्हणून निवृत्त झाले. आता धंतोलीत राहतात, सकाळी फिरतात आणि विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासून देतात. फुकटात, असं त्यांनी मुद्दाम लिहायला सांगितलं आहे.)

प्रश्न : काका, मी नगररचनेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंधाचा विषय नाल्याकाठची एक वस्ती. सर म्हणतात, ३८४ घरांची प्रश्नावली भरून आण, मग बघू. मैत्रीण म्हणते, दहा लोकांशी नीट बोल आणि लिही, आकड्यांनी काही कळत नाही. पद्धत आधी ठरवायची की प्रश्न? आणि ३८४ च का?
— एक विद्यार्थिनी, प्रतापनगर

उत्तर : बेटा, ३८४ पासूनच धरतो. हा आकडा मी इतक्या प्रबंधांत पाहिलाय की एखाद्यात ३८३ दिसला तर त्या पोराचा आदर वाटेल. कुठून आणला विचारलं की सगळे पंख्याकडे बघतात. तर ऐक. ९५ टक्के खात्री हवी म्हणून १.९६, त्याचा वर्ग. हो-नाही निम्मं-निम्मं धरून ०.२५, त्यानं गुण. पाच टक्के इकडेतिकडे चालेल म्हणून ०.०५, त्याच्या वर्गानं भाग. आले ३८४. हे गणित भल्यामोठ्या लोकसंख्येचं आहे. तुझ्या वस्तीत सगळी मिळून सहाशे घरं असतील तर दुरुस्ती केल्यावर २३५ पुरतात. दीडशे घरांची पायपीट वाचली, याबद्दल मला संत्रा बर्फी चालेल.

पण या गणिताला एक अट असते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. वस्तीतल्या प्रत्येक घराला तुझ्या यादीत येण्याची सारखी संधी हवी. आता यादी आणायची कुठून? मतदारयादीत बरेच भाडेकरू सापडत नाहीत, वरच्या टिनाच्या खोलीतले सापडत नाहीत, बालाघाट-छिंदवाड्याहून बांधकामावर आलेले तर नाहीतच. मग आपण काय करतो, अकराच्या उन्हात जी दारं उघडी दिसतील ती भरतो. अकराला दार कुणाचं उघडं असतं? म्हाताऱ्यांचं, बाळंतिणीचं, आजाऱ्याचं, आणि ज्याचं काम सुटलंय त्याचं. धरमपेठेत धुण्याभांड्याला गेलेली बाई तुझ्या हिशेबात येतच नाही. अशी घरं ३८४ काय नि ३,८४० काय.

मी हे पुस्तकातून शिकलो असतो तर बरं झालं असतं.

नोकरीला लागलो तेव्हा ट्रेसिंग क्लॉथवर शाईनं नकाशे उतरवायचे दिवस होते. एका तालुक्याच्या गावची विकास योजना निघाली, जमीनवापराच्या सर्वेक्षणाला माणसं कमी पडली म्हणून मलाही पाठवलं. हातात मोजणीच्या नकाशाची प्रत, खिशात रंगीत पेन्सिली. राहतं घर पिवळं, दुकान निळं, कारखाना जांभळा, शाळा-दवाखाना लाल, मोकळं ते हिरवं. मे महिना, डोक्याला ओला दुपट्टा. शाळेच्या मागं चार-पाच एकरांचं मैदान लागलं. दोन शेळ्या, विटांचे स्टंप, बाभळीखाली झोपलेला एक माणूस. मी हिरवी पेन्सिल काढली, मैदान भरलं आणि पुढं गेलो. वार मंगळवार होता.

त्या हिरव्यावर पुढं आरक्षण पडलं, म्हणजे योजनेत ती जागा राखून ठेवली. योजना प्रसिद्ध झाली, हरकती-सूचना मागवल्या, गठ्ठाभर आल्या. सगळ्या ज्यांच्या नावावर सातबारा होता त्यांच्या. मैदानाबद्दल एकही नाही. कुंपणाची भिंतही बांधून झाली.

सहा-सात वर्षांनी एका लग्नासाठी त्याच गावी एसटीनं गेलो. गाडी गावाबाहेरच अडकली. बुधवार होता. रस्त्याच्या दोन्ही कडांना मैलभर बाजार लागलेला. भिवापुरी मिरचीचे ढीग, बांबूची सुपं, बैलांचे कासरे, सुक्या झिंग्यांच्या टोपल्या, फुटक्या गंजाला डाग देणारा, आणि या सगळ्यांतून वाट काढणारे ट्रक. मिरचीवाल्या बाईला विचारलं, बाजार असा रस्त्यावर का? तिनं भिंतीकडं बोट केलं. "आधी तठी भरे. आमच्या आजीच्या टायमापासून." मी म्हटलं, मी आलो होतो तेव्हा तर रिकामं होतं. "कोन्या दिवशी आलते?" मंगळवारी, म्हटलं. ती हसली असती तर बरं झालं असतं. "मंगळवारी अठी कोन येते जी?"

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा. योजना आखण्याआधी विद्यमान जमीनवापराचा नकाशा करावा लागतो, असं तो सांगतो आणि ते योग्यच आहे. पण त्या नकाशावर प्रमाण असतं, उत्तर दिशा असते, सर्वेक्षणाचं सालही असतं. वार नसतो. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी असे वारच ज्यांच्या पत्त्यात आहेत त्या नागपूरकरांपैकी एकानं हे विसरावं म्हणजे कमालच. तो नागपूरकर मी.

तेव्हा प्रश्न आधी, बेटा. किती घरांना मलवाहिनीची जोडणी आहे, हे विचारायचं असेल तर प्रश्नावलीच लागेल, दहा जणांच्या गप्पांनी भागणार नाही. दरवर्षी पाणी शिरूनही माणसं ही जागा का सोडत नाहीत, हे विचारायचं असेल तर ३८४ खुणा करून काही हाती लागणार नाही, बसावं लागेल. बहुतेक प्रबंधांना दोन्ही लागतं. मग क्रमाचा विचार कर : आधी बसणं, त्यातून प्रश्न, मग मोजणं. आमच्याकडे बरोबर उलटं चालतं. साठ प्रश्नांचा फॉर्म हॉस्टेलवर बसून तयार होतो आणि वस्तीत गेल्यावर कळतं की खरा झगडा टँकर कुठल्या तोंडाला उभा राहतो याचा आहे. तो प्रश्न फॉर्ममध्ये नसतोच.

आणखी एक. रायटिंग पॅड घेऊन वस्तीत शिरलीस की पाच मिनिटांत तुझ्यासमोर रेशनकार्ड, लाइट बिल, आधारकार्ड येतील. न मागता. लोकांना वाटतं पट्ट्याचा, म्हणजे जागा नावावर करायचा, सर्व्हे आला. मग "इथं किती वर्षांपासून राहता?" असं विचारून बघ. निम्मी वस्ती १९९९ च्या आतबाहेर येऊन थांबेल, कारण झोपडपट्टीच्या कायद्यात १ जानेवारी २००० या तारखेला (तिच्या आधीच्या झोपडीला संरक्षण) किती वजन आहे हे तुझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक आहे. त्यांना खोटारडं म्हणू नकोस. तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं नाही, त्यांना ऐकू आलेल्या प्रश्नाचं दिलं. म्हणून तारीख विचारू नकोस. थोरली मुलगी कुठं जन्मली, ती शाळेत गेली तेव्हा इथं नळ होता का, असं विचार. साल आपोआप निघतं. आणि पहिल्याच दिवशी सांग की मी विद्यार्थिनी आहे, माझ्या हातून पट्टा मिळणार नाही आणि घरही जाणार नाही. काही जण दार लावून घेतील. त्यांचा हक्क आहे.

एक खेळ करून बघ. घरातल्या प्रत्येकाला कोरा कागद दे आणि नाल्याचा नकाशा काढायला सांग. अमेरिकी नगररचनाकार केविन लिंच यांनी बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस इथल्या लोकांकडून असेच मनातले नकाशे काढून घेतले होते आणि १९६० साली ते मांडले. माणूस वाटा, कडा, चौक, खुणेच्या जागा यांतून शहर डोक्यात ठेवतो, हे त्यातून आलं. मी एका वस्तीत हा खेळ केला तेव्हा बापानं नाला एका रेघेत संपवला आणि पूल मोठा काढला. बायकोच्या कागदावर पूलच नव्हता, नाल्यात उतरायच्या तीन पायवाटा होत्या. दोघं एकाच खोलीत राहणारी.

आणि पॅट्रिक गेडिस वाच. हा स्कॉटलंडचा माणूस मूळचा जीवशास्त्रज्ञ. तरुणपणी मेक्सिकोत असताना काही काळ त्याची दृष्टी गेली, त्या अंधारात कागदाच्या घड्यांवर बोटं फिरवून विचार मांडायची सवय त्याला लागली. जागा, काम आणि लोक ही त्याची तीन घरं त्याच घड्यांतली. १९१७ साली त्यानं आपल्या नागपूरवर अहवाल लिहिलाय. आधी निदान, मग औषध, हा त्याचा हेका. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता हाणण्यापेक्षा बेतानं चार ठिकाणी कापा, हा दुसरा. पुढं कचेऱ्यांनी त्याच्या 'सर्वेक्षणा'चा तक्ता करून टाकला. तक्ता भरणाऱ्यांत मीही होतोच.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे, आकड्यांत आयुष्य गेलं. नागपूरची लोकसंख्या कुठं २४ लाख वाचतो, कुठं २५, कुठं ३० च्या वर. एका भाषणात तर ४६ लाख ऐकली. शहराचं नियोजन नेमकं कोणत्या आकड्यावर होतं?
— एक ज्येष्ठ वाचक, नरेंद्रनगर

उत्तर : ४६ लाखवाल्या वक्त्यांनी शहर आणि जिल्हा एक करून टाकला. २०११ च्या जनगणनेत जिल्हा ४६.५ लाख, महापालिकेची हद्द २४,०५,६६५, आणि हद्दीला चिकटून वाढलेल्या वस्त्या धरून होणारा नागरी समूह जवळपास २५ लाख. तिन्ही खरे, हद्द तेवढी वेगळी. तिशीपुढचे आकडे मात्र अंदाजाचे. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळं सगळे २०११ च्या जोत्यावर मजले चढवत बसलेत.

तुम्ही बँकेतले, म्हणून एक हिशेब तुमच्या हवाली करतो. १९९१ ला नागपूर १६,२४,७५२. २००१ ला २०,५२,०६६. दहा वर्षांत २६ टक्क्यांहून थोडी जास्त वाढ. २००१ साली टेबलाशी बसून हाच वेग पुढं ओढला असता तर २०११ ला साधारण २५.९ लाख यायला हवे होते. आले २४.०६. चूक एक लाख ८६ हजारांची. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात, म्हणजे रोजचं अडीच कोटी लिटर पाणी कागदावर जास्तीचं. मागचा वेग तसाच पुढं ओढणं ही अंदाजाची जुनी पद्धत, आणि ती अशी फसते.

का फसली? माझं उत्तर असं, की माणसं कमी झाली नाहीत, हद्दीच्या रेघेपलीकडे गेली. हद्दीतल्या प्लॉटचे भाव ऐकून नोकरदार माणूस बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर, वाडी असा सरकत गेला. आर.एल. (प्लॉट अधिकृत असल्याचं पत्र) नसलेला का होईना, प्लॉट तर होता. पुढं हुडकेश्वर-नरसाळा शहराच्या हद्दीत घेतलं. त्यामुळं येत्या जनगणनेत शहर एकदम फुगलेलं दिसलं तर टाळ्या वाजवण्याआधी विचारा, माणसं वाढली की हद्द?

प्रभागांचं तर बोलूच नये. २०१७ च्या निवडणुकीला ३८ प्रभाग होते, त्याआधीची आखणी निराळी. "आमच्या प्रभागात दहा वर्षांत लोकसंख्या दुप्पट झाली" असं कुणी म्हटलं की मी नकाशा मागतो. अभ्यासाला प्रभाग घेऊच नये, जनगणनेचा सगळ्यात बारका तुकडा म्हणजे प्रगणन गट, तो घ्यावा आणि हवे तसे गट जुळवावे.

आणखी एक गंमत. जनगणना माणूस कुठं राहतो ते मोजते. तो दिवसभर कुठं असतो ते नाही. सकाळी सातला कामठी रोडवर उभे राहा. दुधाचे कॅन, टिफिनच्या पिशव्या, कॉलेजची पोरं. हे लोक नागपूरचं पाणी पितात, नागपूरचा रस्ता झिजवतात आणि रात्री दुसऱ्याच आकड्यात झोपतात. त्यांना मोजायला हद्दीवरच्या नाक्यांवर माणसं बसवून येणारं-जाणारं वाहन टिपावं लागतं, थांबवून कुठून कुठं विचारावं लागतं. मी तरुणपणी अशा नाक्यावर रात्रपाळी केली आहे. पहाटे तीनला ट्रकवाल्याला "प्रवासाचा हेतू?" असं विचारून बघा कधी.

नियोजन कोणत्या आकड्यावर होतं, या तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर : एका आकड्यावर होऊ नये. कमी, मधला आणि जास्त असे तीन अंदाज घ्यावे आणि कुठल्या अंदाजानं कुठला निर्णय बदलतो ते पाहावं. जमिनीखालची मोठी जलवाहिनी जास्तीच्या अंदाजानं टाकावी, ती पुन्हा उकरणं परवडत नाही. शाळेची खोली नंतर वाढवता येते.

प्रश्न : नियोजनातल्या संशोधनासाठी जीआयएस (संगणकावरचं नकाशांचं काम) शिकू की थेट एआय?
— एक अभियंता, मानेवाडा

उत्तर : क्यूजीआयएस नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, महिनाभरात हात बसतो, शिकून टाका. मग तुमच्याच ओळखीच्या एका खसऱ्याचा (नंबर दिलेल्या जमिनीच्या तुकड्याचा) मोजणी नकाशा उपग्रहाच्या चित्रावर बसवून बघा. धुरा, म्हणजे बांध, एकीकडे, रेघ दुसरीकडे. कोणती सरकवायची, हे ज्याला सांगता येईल त्यानं एआयकडे जावं.

प्रश्न : आमचं गाव कामठी तालुक्यात आहे, आता महानगर प्रदेशात आलं आहे. चहूकडे लेआउटचे बोर्ड लागले. मी भूगोलात एम.ए. करतो आहे. गाव बदलून राहिलं ते नीट नोंदवून ठेवायचं आहे. "प्रादेशिक" अभ्यास म्हणजे नेमकं काय करायचं? सुरुवात कुठून करू?
— एक तरुण वाचक

उत्तर : भाऊ, पटवाऱ्याकडून. सातबारा सगळेच काढतात, तू निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज माग. पुण्याकडच्या पोरांना हे शब्दच माहीत नसतात, आपल्याकडे मध्य प्रांताच्या काळापासून आहेत आणि १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमानंही ते ठेवले. गावची ढोरं कुठं चरणार, सरपण कुठून आणायचं, मेलेलं जनावर कुठं टाकायचं, कुणाच्या शेतातून कुणाची बैलबंडी जाणार, तळ्यातल्या मासोळीवर हक्क कुणाचा, हे सगळं त्यात लिहिलेलं. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, १९५० च्या कायद्यानं गेली, हक्कांची वही राहिली. ती वही एका हातात आणि लेआउटचं रंगीत पत्रक दुसऱ्या हातात घेऊन शिवारात फिर. पांदण होती तिथं 'बारा मीटर रोड' झाला का गेटच बसलं? चराईच्या जागेवर 'ॲमेनिटी स्पेस' लिहिलंय का? झुडपी जंगलाच्या नोंदीकडे नीट बघ. त्या जमिनी वनच धरायच्या, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये सांगितलंय.

सगळं गाव एकदम अंगावर घेऊ नको. दहा खसरे निवड. रस्त्याकडचे तीन, गावठाणाला लागलेले तीन, आडवळणाचे चार. एकेकाची चरित्रं लिही : बंदोबस्ताच्या (जुन्या महसुली मोजणीच्या) नकाशात काय, फेरफारात कधी कुणाच्या नावावर, अकृषक कधी, जुन्या उपग्रहचित्रांत पीक की मुरूम, आणि आज उभं राहून डोळ्यांनी काय दिसतं. दहा चरित्रांतून जे कळतं ते जिल्ह्याच्या तक्त्यात सापडत नाही. यातून टक्केवारी मात्र काढायला जाऊ नको. दहांतले सात म्हणजे ७० टक्के असं लिहिलंस तर परीक्षकाच्या आधी मी कापीन. या दहांतून तुला बदल *कसा* होतो ते सांगता येईल. किती झाला, ते नाही.

आता "प्रादेशिक"चं. नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१७ चं, त्याचा प्रदेश साडेतीन हजार चौरस किलोमीटरहून मोठा. ती राजपत्रातली रेघ. तुझ्या गावाची रेघ तू काढ. आठवडाभर शंभर घरांना एवढंच विचार : किराणा कुठून आणता, बँक कुठं, ताप आला तर कुठं आणि जीवावर बेतलं तर कुठं, लग्नाचा बस्ता कुठं, धान कुठं विकता, भाजीचं कॅरेट कुठं जातं, पोरगा कामाला कुठं. एकेका कामाची एकेक रेघ नकाशावर मार. माझा अंदाज, तापाची रेघ कामठीला थांबेल, जीवावरचीची नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याला जाईल, बस्त्याची इतवारी-गांधीबागला, भाजीची कळमन्याला, आणि पोराची बुटीबोरीला नाहीतर थेट बर्डीला. जर्मन भूगोलतज्ज्ञ वाल्टर क्रिस्टालर यांनी १९३३ साली दक्षिण जर्मनीतल्या गावांवरून मांडलं, की लहान कामाला जवळचं गाव, मोठ्या कामाला लांबचं मोठं गाव, आणि त्यातून षटकोनांची जाळी तयार होते. षटकोन शोधत बसू नको, सापडणार नाही. कुठली रेघ मधलं गाव ओलांडून सरळ नागपूरला जाते तेवढं बघ. कामठीला न थांबणाऱ्या रेघा दर पाच वर्षांनी वाढत असतील, तर तुझ्या प्रबंधाचा विषय तोच.

आणि हे सगळं जून लागायच्या आत उरकू नको. रोवणीच्या दिवसांत गाव वेगळं असतं. कोण अजून चिखलात उतरतं, कोण नाही, ते तेव्हाच दिसतं.

प्रश्न : भाऊ, आमचं घर नाग नदीपासून दोन गल्ल्या सोडून आहे. २०२३ च्या सप्टेंबरात महालक्ष्म्यांचं जेवण आटोपून झोपलो आणि पहाटे घरात पाणी. किती वाजता कुठवर आलं ते मी कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलं होतं. जिन्याच्या भिंतीवर रेघ अजून आहे. मुलगा म्हणतो, आई, याला काय संशोधन म्हणतात का? या दिवाळीला घराला रंग द्यायचं चाललं आहे. ही माहिती कुणाच्या कामाची आहे का?
— एक गृहिणी

उत्तर : ताई, मुलाला सांगा, तुमच्या जिन्यावरच्या रेघेसाठी संशोधक दारोदार हिंडतात.

२३ सप्टेंबरच्या त्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी काठावर आली. पाऊस मोजायचं यंत्र सोनेगावला विमानतळाशी. तुमच्या गल्लीत किती पडला, ते त्याला सांगता येत नाही. उपग्रह म्हणाल तर साध्या कॅमेऱ्याला ढगांतून दिसत नाही. रडारवाल्याला दिसतं, पण तो त्याच्या वेळेला वरून जातो आणि दाटीच्या घरांमधलं पाणी त्यालाही नीट ओळखता येत नाही. तो येईपर्यंत तुम्ही चिखल काढायला लागलेल्या असता. मग अभ्यासक संगणकावर पूर उभा करतात. इतका पाऊस, असा उतार, एवढे पूल, एवढ्या भिंती, तर अमुक ठिकाणी इतकं पाणी. हे उत्तर बरोबर की चूक, याचा ताळा कशाशी घालणार? तुमच्या भिंतीशी.

तर ती रेघ वापरण्याजोगी करू. टेपनं फरशीपासून मोजू नका, प्रत्येकाच्या घराचं जोतं वेगळं असतं. गल्लीतली एक न हलणारी जागा धरा, देवळाचा ओटा किंवा चौकातली पक्की पायरी. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी कुणाकडून तरी मागून आणा. एक टोक ओट्याशी, दुसरं तुमच्या रेघेशी. दोन्हीकडची पाण्याची पातळी एकच असते, त्यावरून रेघ ओट्यापेक्षा किती वर की खाली ते निघतं. मुलगा इंजिनीयर नसला तरी जमेल. अशा पाच-सहा घरांच्या रेघा जमल्या की पाण्याचा उतार दिसायला लागतो, आणि तो कुठून कुठं गेला ते कळतं.

शेजाऱ्यांना विचाराल तेव्हा एकेकाला वेगळं गाठा. चौघं एकत्र बसले की पाणी दर वाक्याला वीतभर चढतं. वेळ घड्याळानं कुणालाच आठवणार नाही, म्हणून लाइट गेल्याची खूण धरा. ती सगळ्यांची एकदमच गेली असणार. पाणी लाइट जायच्या आधी आलं की नंतर? गाडी बाहेर काढली तेव्हा चाक बुडालं होतं का? फोटो असतील तर ज्या फोनवर काढले त्याच फोनमधले बघा. व्हॉट्सॲपवर फिरून आलेल्या फोटोला मूळ वेळ राहत नाही.

आणि एक प्रश्न सगळ्यांना न चुकता विचारा, कारण तो फॉर्ममध्ये क्वचितच असतो : पाणी आधी कुठून आलं? रस्त्यावरून उंबरा ओलांडून, की संडासातून आणि मोरीतून वर? रस्त्यावरून आलं असेल तर नदी काठ सोडून तुमच्याकडे आली. मोरीतून आलं असेल तर नदी अजून दोन गल्ल्या लांबच होती आणि गटार तुंबून उलटं वाहायला लागलं होतं. नदीला भिंत बांधून पहिल्याचा इलाज होतो. दुसऱ्याचा होत नाही, उलट भिंतीआड पाणी कोंडतं. तुमच्या गल्लीतल्या दहा बायकांना हे सांगता येईल, कारण मोरीजवळ त्या वेळी त्याच होत्या. मी सुनावण्यांना वर्षानुवर्षं बसलो आहे. "आमच्यावर अन्याय झाला" याची टिपणीत एक ओळ होते. घर क्रमांक, उंची, वेळ, पाणी कुठून आलं, असा कागद पुढं आला की अधिकाऱ्याला तो नुसता बाजूला सारता येत नाही, उत्तर लिहावं लागतं. त्या कागदावर नावं नकोत, घर १, घर २ एवढंच. पूर आलेलं घर म्हणून उद्या कुणाच्या विक्रीत मोडता नको.

रंग द्या, दिवाळी आहे. त्याआधी रेघेला टेप लावून सरळ समोरून फोटो काढा, ओट्यापासूनची उंची वहीत लिहा आणि रंगाऱ्याला सांगून रेघेच्या जागी खिळा ठोकून घ्या. कॅलेंडरचं ते पान रद्दीत जाऊ देऊ नका. संशोधक मागायला आला, तर झेरॉक्स द्या. मूळ पान देऊ नका, ते परत आणून देत नाहीत.